म्युच्युअल फंड : निवड आणि देखरेख

निवृत्तीच्या दिवशी हाती पडणारी भविष्य निर्वाह निधीची रक्कम ही नोकरदार माणसाची आयुष्यभराची पुंजी असते. घराचे उरलेले कर्ज, मुलीचे लग्न आणि स्वतःचे वार्धक्य या साऱ्यांना तिनेच पुरे पडावयाचे असते. पूर्वी अशी रक्कम डाकघर व बँक यांच्या पलीकडे सहसा जात नसे. आता ती म्युच्युअल फंडाकडेही वळू लागली आहे. म्हणूनच या मार्गाची नीट ओळख करून घेणे अगत्याचे ठरते.

स्वरूप

अनेकांनी थोडीथोडी रक्कम एकत्र करावयाची, जाणकार व्यवस्थापकाने ती समभागांत वा कर्जरोख्यांत गुंतवावयाची आणि होणारा नफा-तोटा ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे वाटला जावयाचा, असे याचे साधे स्वरूप आहे. या हिश्श्यास युनिट म्हणतात. योजनेच्या एकूण मालमत्तेतून देणी वजा करून उरणाऱ्या रकमेस युनिटांच्या संख्येने भागले, की प्रत्येक युनिटचे निव्वळ मालमत्ता मूल्य निघते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. दहा रुपयांचे युनिट स्वस्त आणि शंभर रुपयांचे महाग, असे अनेकांना वाटते. परंतु १०,००० रुपयांत पहिल्या योजनेची १,००० युनिटे मिळोत की दुसरीची १००, दोन्ही योजना दहा टक्क्यांनी वाढल्या तर हाती ११,००० रुपयेच येतात. युनिटच्या किमतीवरून योजना निवडणे म्हणूनच निरर्थक होय.

इतिहासाचा धडा

भारतात या चळवळीचा प्रारंभ १९६३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाने केला. तिची ‘युनिट योजना १९६४’ घराघरांत पोहोचली. शासनाने स्थापिलेली संस्था, म्हणजे पैसा सुरक्षित, अशी लोकांची दृढ समजूत होती. परंतु या योजनेच्या खरेदी-विक्रीच्या किमती संस्था स्वतः ठरवीत असे. प्रत्यक्ष मालमत्तेच्या मूल्याशी त्यांचा मेळ राहिला नव्हता. अखेर जुलै २००१ मध्ये युनिटांची विक्री व पुनर्खरेदी थांबवावी लागली आणि लक्षावधी कुटुंबांचा जीव टांगणीला लागला. पुढे लहान युनिटधारकांना ठरावीक मर्यादेपर्यंत दिलासा मिळाला व २००३ मध्ये संस्थेचे विभाजन झाले. नाव कितीही मोठे असले, तरी त्यामागील मालमत्ता काय आहे हे पाहावे, हाच यातील बोध.

बँकेतील ठेवीस ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. म्युच्युअल फंडास असे संरक्षण नाही, हेही विसरता कामा नये.

निवड कशी करावी?

प्रथम पैसा केव्हा लागणार आहे हे ठरवावे; योजना नंतर पाहावी. दोन-तीन वर्षांत लागणारी रक्कम समभागांच्या योजनेत घालू नये. बाजार निम्म्यावर आला, तर मूळ पदावर येण्यास त्यास दुप्पट व्हावे लागते, आणि तोपर्यंत लग्नाचा मुहूर्त थांबत नाही. सात-आठ वर्षे हात न लावता ठेवता येईल तेवढीच रक्कम समभागांकडे वळवावी. कर्जरोख्यांच्या योजनाही सर्वथा निर्धोक नसतात. एप्रिल २०२० मध्ये एका खासगी फंडाने आपल्या सहा रोखे योजना एकाएकी गुंडाळल्या, तेव्हा गुंतवणूकदारांचे पैसे बराच काळ अडकून पडले. तेव्हा अधिक व्याजाच्या मोहाने दुबळ्या कंपन्यांचे रोखे घेणारी योजना टाळावी.

दुसरी बाब खर्चाची. व्यवस्थापनाचा खर्च योजनेच्या मालमत्तेतूनच वजा होतो. त्यामुळे तो सहसा डोळ्यांत भरत नाही. एक लाख रुपये २० वर्षे दरसाल १२ टक्क्यांनी वाढले, तर सुमारे ९ लाख ६५ हजार होतात. ११ टक्क्यांनी वाढले, तर सुमारे ८ लाख ६ हजार. एका टक्क्यापायी दीड लाखाहून अधिक रक्कम जाते. जानेवारी २०१३ पासून मध्यस्थाविना थेट गुंतवणुकीची सोय झाली असून तिचा खर्च कमी असतो. निर्देशांकाबरहुकूम चालणाऱ्या योजनाही सामान्यतः कमी खर्चाच्या असतात. ज्यांस सल्ल्याची गरज आहे त्यांनी मध्यस्थाकडून जरूर जावे; मात्र त्याचे मोल किती पडते हे जाणून जावे.

गत वर्षी पहिल्या आलेल्या योजनेमागे धावणे हा तिसरा मोह. या वर्षीचा अग्रक्रम पुढील वर्षी टिकेलच असे नाही.

नियमित हप्ता

पगारदारांस दरमहा ठरावीक रक्कम गुंतविण्याची पद्धत सोयीची पडते. समजा, दरमहा १,००० रुपये गुंतविले आणि चार महिन्यांतील भाव अनुक्रमे २०, १६, १० व २० रुपये होते. एकूण २६२.५ युनिटे मिळतील. भावांची सरासरी साडेसोळा रुपये असली, तरी युनिट पडले सुमारे १५ रुपये २४ पैशांस. कारण स्वस्ताईत युनिटे अधिक आली. यात नुकसान न होण्याची हमी नाही. परंतु बाजार पडताच हप्ता बंद करणारा माणूस नेमका हाच लाभ गमावतो.

देखरेख

रोज भाव पाहण्याची गरज नाही; वर्षातून एकदा हिशेब तपासणे पुरेसे आहे. निम्मी रक्कम समभागांत व निम्मी रोख्यांत ठेवावयाचे ठरविले असेल आणि तेजीमुळे समभागांचा वाटा दोनतृतीयांश झाला असेल, तर तो पुन्हा निम्म्यावर आणावा. मात्र विक्रीवरील कर व निर्गमन आकार आधी विचारात घ्यावा. दहा-बारा योजना जमविण्यापेक्षा तीन-चार निवडक योजना सांभाळणे सोपे असते.

शेवटची, परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट नामनिर्देशनाची. घरातील कर्त्या माणसाने गुंतविलेल्या पैशाची त्याच्या पश्चात कुटुंबास वार्ताही नसते, असे अनेकदा घडते. म्हणून वारसाचे नाव नोंदवावे, पत्ता व बँक खाते अद्ययावत ठेवावे आणि सर्व योजनांची एक यादी घरातील विश्वासाच्या व्यक्तीच्या हाती द्यावी. तक्रार उद्भवल्यास प्रथम संबंधित कंपनीकडे व तेथे निवारण न झाल्यास ‘सेबी’च्या ‘स्कोअर्स’ या तक्रार यंत्रणेकडे दाद मागता येते.

पैसा मिळविण्यास कष्ट पडतात, तसे तो राखण्यासही पडतात. कागद वाचून, हिशेब मांडून आणि घरच्यांना विश्वासात घेऊन केलेली गुंतवणूकच वार्धक्यात आधाराची काठी ठरते.