शेपटीवर खवले असणारे कृंतक

आफ्रिकेतील वर्षावनांचा पाठ शिकविताना गोरिला, चिंपांझी यांची नावे येतात व पाठ पुढे सरकतो. त्याच अरण्यांत कृंतकांचा एक अपरिचित गट राहतो. ग्रीक भाषेतील ‘विचित्र शेपटी’ या अर्थाच्या शब्दांवरून शास्त्रज्ञांनी त्यास ‘अ‍ॅनोमॅल्युर’ हे नाव दिले. शेपटीच्या बुडाशी, खालच्या अंगास, टोकदार खवल्यांच्या दोन ओळी असतात. उभ्या खोडास चिकटून राहताना हे खवले सालीत रुततात व प्राणी घसरत नाही. यांतील लहान जाती मुठीत मावतील एवढ्या, तर मोठ्यांचे वजन किलोभराहून अधिक असते. बहुतेक जाती निशाचर असून दिवसा झाडांच्या ढोलीत राहतात.

पुढच्या व मागच्या पायांमधील कातडीचा पडदा ताणून हे प्राणी झाडावरून झाडावर तरंगत जातात. आपल्या सह्याद्रीतील उडती खारही हेच करते. म्हणून ‘ही आफ्रिकेतील उडती खार’ असे विद्यार्थी चटकन म्हणतील. ते बरोबर नव्हे. उडत्या खारीच्या पडद्यास आधार देणारी कूर्चेची काडी मनगटापासून निघते, यांची कोपरापासून. वंशाने हे प्राणी खारीपेक्षा आफ्रिकेतील उड्या मारणाऱ्या स्प्रिंगहेअरला जवळचे आहेत. (फळ्यावर दोन्ही आकृत्या शेजारी काढाव्यात, तोंडी वर्णनाने हा भेद मुलांच्या ध्यानी येणे कठीण.)

या गटाचाच एक सोयरा म्हणजे झेंकरेला. १८९८ साली त्याचे प्रथम वर्णन झाले. शेपटीवर खवले आहेत, पण पडदा मुळीच नाही. याच्या पूर्वजांस पडदा होता व तो पुढे नाहीसा झाला, असा तर्क बराच काळ केला जाई. पडताळा घेणे अवघड होते, कारण जगातील संग्रहालयांत मिळून याचे अवघे ११ नमुने होते. पुढे बिओको बेटाच्या दक्षिणेस, उरेका गावाजवळ, गावकऱ्यांनी जमिनीवर लावलेल्या फासांत तीन झेंकरेला सापडले. त्यांच्या डीएनएची तपासणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तरंगणाऱ्या सर्व जाती एकमेकींस जवळच्या, तर झेंकरेलाची शाखा त्या सर्वांपासून सुमारे ४ कोटी ९० लक्ष वर्षांपूर्वीच वेगळी झालेली, असे दिसले. म्हणजे त्याच्या पूर्वजांस पडदा बहुधा कधी नव्हताच. जुना तर्क मागे पडला आणि झेंकरेलास स्वतंत्र कुल मिळाले. तोवर एकाही शास्त्रज्ञाने हा प्राणी रानात जिवंत पाहिलेला नव्हता. उरेकाच्या फासेवाल्यांना मात्र तो ठाऊक होता.