दोन जाळ्या आणि उष्णतेचा हिशेब

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार आणि स्पंज आयर्न वितळवून बिलेट व त्यांपासून बांधकामाच्या सळया तयार करणारा जो पोलाद उद्योग उभा आहे, त्याचा आधार इंडक्शन भट्टी हा होय. या भट्टीच्या कॉइलमधून वाहणाऱ्या प्रत्यावर्ती प्रवाहामुळे धातूतच भोवरा-प्रवाह निर्माण होतात व त्यांपासून उष्णता उत्पन्न होते. उलट, तापमान वाढले की धातूची रोधकता आणि चुंबकीय पार्यता बदलते व उष्णतेची वाटणीही बदलते. विद्युतचुंबकीय आणि औष्णिक समीकरणे अशी परस्परांवर अवलंबून ठेवून संगणकावर सोडवणे, याला युग्मित सिम्युलेशन म्हणतात.

या गणितासाठी धातूचे लहान घटकांत विभाजन करतात. त्या विभागणीला जाळी म्हणतात. प्रवाह धातूच्या पृष्ठभागालगतच एकवटतो आणि ज्या खोलीवर तो सुमारे ३७ टक्के उरतो, तिला त्वचा-खोली म्हणतात. वितळलेल्या पोलादात ५०० हर्ट्झला ती सुमारे २७ मिलिमीटर असते, तर ७७० अंश सेल्सियसखालील, चुंबकत्व न गमावलेल्या लोखंडात ती एखाद-दोन मिलिमीटरपर्यंत घटते. म्हणून विद्युतचुंबकीय जाळी पृष्ठभागाजवळ बारीक ठेवावी लागते, तर धातूबरोबर भट्टीचे अस्तरही सामावणारी औष्णिक जाळी बहुधा जाड असते.

धोका या दोहोंमधील देवाणघेवाणीत आहे. २७ मिलिमीटर त्वचा-खोली धरून उष्णतेची घनता ३० मिलिमीटरच्या घटकांच्या मध्यबिंदूंवर नुसती वाचून घेतली, तर सपाट पृष्ठभागाच्या साध्या गणितात एकूण उष्णता सुमारे १८ टक्के कमी भरते. तीच घनता घटकांच्या टोकांवर वाचून मधले मूल्य सरळ रेषेने भरले, तर ती सुमारे ३८ टक्के जास्त होते. दोन्ही वेळा पडद्यावरचे रंगीत चित्र सुबकच दिसते, आणि म्हणूनच ही चूक दीर्घकाळ लपून राहते.

अनुभवाने ठरलेला नियम असा की, जिची बेरीज टिकायला हवी अशी राशी, उदाहरणार्थ उष्णता-शक्ती, संरक्षी पद्धतीने पाठवावी, म्हणजे घटकांच्या सामाईक आकारमानावर तिचे संकलन करून वाटणी करावी. तापमानासारखी राशी मात्र सुसंगत पद्धतीने पाठवावी, म्हणजे सर्वत्र समान असलेले मूल्य पलीकडेही समानच पोहोचेल. दोन गणिते एकमेकांशी जोडणारी प्रीसाइससारखी (preCICE) मुक्त सॉफ्टवेअर-ग्रंथालये दोन्ही पर्याय देतात, परंतु निवड वापरकर्त्यानेच करावयाची असते. भट्टीची भिंत गोल असल्याने दोन जाळ्यांच्या कडा तंतोतंत जुळत नाहीत; अशा वेळी कडेबाहेर पडलेल्या बिंदूंना शून्य मूल्य मिळत नाही ना, हे स्वतंत्रपणे पाहावे. तसेच ७७० अंशांच्या आसपास पार्यता एकदम घसरत असल्याने तेथे काळाची पावले लहान ठेवावीत आणि प्रत्येक पावलात दोन्ही गणिते स्थिर होईपर्यंत पुन्हा करावीत.

म्हणून भट्टीचा आराखडा, अस्तराची जाडी किंवा विजेचा खर्च यांविषयी निष्कर्ष काढण्यापूर्वी प्रत्येक अभ्यासकाने दोन चाचण्या कराव्यात: सर्वत्र समान तापमान पाठवून ते समानच परत येते का, आणि दोन्ही जाळ्यांवरील एकूण शक्ती परस्परांशी जुळते का. या दोन्ही चाचण्यांत न उतरलेले उत्तर कितीही आकर्षक असले तरी वापरू नये.