विधेयक वाचायला शिकूया : मुलीच्या लग्नाचं वय आणि सहा प्रश्न



आठवीच्या नागरिकशास्त्रात संसदीय शासनपद्धती येते. कायदा कसा तयार होतो, पहिलं वाचन, दुसरं वाचन, समिती, मतदान, राष्ट्रपतींची संमती, हे मुलं पाठ करतात. पेपरात लिहितात आणि विसरतात. कारण त्या पायऱ्यांवरून चढणारं एकही विधेयक त्यांनी जवळून पाहिलेलं नसतं.

म्हणून आजच्या पाठासाठी एक खरंखुरं विधेयक घेतलं आहे. ते आपल्या वर्गातल्या मुलींशी थेट संबंधित आहे. 'बालविवाह प्रतिबंध (सुधारणा) विधेयक, २०२१'. मुलीच्या लग्नाचं किमान वय १८ वरून २१ करावं, असं ते विधेयक. २१ डिसेंबर २०२१ रोजी तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्री स्मृती इराणी यांनी ते लोकसभेत मांडलं. तिथून ते स्थायी समितीकडे गेलं. समितीला मुदतवाढ मिळत गेली आणि जून २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाल्यावर ते व्यपगत झालं, म्हणजे आपोआप संपलं. (मुलांना हा शब्द मुद्दाम सांगा. लोकसभेत प्रलंबित असलेलं विधेयक लोकसभा विसर्जित झाली की संपतं. राज्यसभेत मांडलेलं आणि तिथंच प्रलंबित असलेलं संपत नाही.)

विधेयक संपलं, पण विषय संपलेला नाही. हिमाचल प्रदेशच्या विधानसभेने ऑगस्ट २०२४ मध्ये हेच वय २१ करणारं विधेयक मंजूर केलं. उद्या हा विषय परत संसदेत येऊ शकतो. तेव्हा आपण नुसतं "चांगलं आहे" किंवा "वाईट आहे" म्हणणार, की वाचून म्हणणार?

आधी थोडा इतिहास

आपल्याकडे हा वाद जुना आहे. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं. मोठेपणी त्यांनी सासरी जायला नकार दिला. १८८४ मध्ये नवऱ्याने मुंबईत दावा लावला. १८८७ मध्ये न्यायालयाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. पुढे तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी अनेक वर्षं काम केलं. या खटल्याने देशभर चर्चा पेटली. १८९१ मध्ये संमतीवयाचा कायदा आला आणि मुलीचं संमतीवय १० वरून १२ झालं. लोकमान्य टिळकांनी त्याला विरोध केला, कारण परक्या सरकारने आमच्या चालीरीतींत हात घालू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. सुधारक बाजूने उभे राहिले. त्या वादात बोलणारे बहुतेक पुरुष होते, हेही मुलांच्या लक्षात आणून द्या.

मग १९२७. हरबिलास सारडा यांनी बालविवाहाविरुद्ध विधेयक मांडलं. त्यात मुलीसाठी वय होतं १२ आणि मुलासाठी १५, आणि तेही फक्त हिंदूंसाठी. समितीत छाननी झाली आणि विधेयकच बदललं. मुलगी १४, मुलगा १८, आणि कायदा सर्व धर्मांना लागू. याच काळात सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखाली संमतीवय समिती नेमली गेली. तिने देशभर साक्षी घेतल्या. त्या समितीत रामेश्वरी नेहरू यांच्यासारख्या स्त्री सदस्या होत्या. त्याच्या आधी, जानेवारी १९२७ मध्ये, अखिल भारतीय महिला परिषद पहिल्यांदा भरली ती आपल्या पुण्यात. मुलींचं शिक्षण आणि बालविवाह हे विषय तिथे एकत्रच आले होते. १९२९ मध्ये सारडा कायदा मंजूर झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. १९७८ मध्ये वय मुलीसाठी १८ आणि मुलासाठी २१ झालं. २००६ मध्ये आजचा बालविवाह प्रतिबंध कायदा आला.

सारडा विधेयकावरून मुलांना छाननीचं महत्त्व छान समजतं. मांडलेलं विधेयक आणि मंजूर झालेला कायदा यांत मोठा फरक पडू शकतो, आणि तो फरक बोलणारे लोक पाडतात.

आता सहा प्रश्न. कुठल्याही विधेयकाला हे विचारता येतात.

प्रश्न १ : आत्ताचा कायदा काय म्हणतो?

आज मुलगी १८ आणि मुलगा २१. त्याआधी लग्न लावणारे, ठरवणारे, त्यात सामील होणारे यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. स्त्रीला मात्र तुरुंगवास नाही. झालेलं लग्न आपोआप रद्द होत नाही. जिचं किंवा ज्याचं बालवयात लग्न झालं, ती व्यक्ती सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत न्यायालयात जाऊन ते रद्द करून घेऊ शकते. न्यायदंडाधिकारी लग्नाआधी मनाई हुकूम देऊ शकतात, आणि तो मोडून केलेलं लग्न मात्र मुळातच अवैध ठरतं. ही शेवटची तरतूद फार कमी पालकांना माहीत असते.

प्रश्न २ : विधेयक नेमका कोणता शब्द बदलतं?

बातमीत "वय २१ होणार" एवढंच येतं. विधेयकात बदलते ती 'बालक' या शब्दाची व्याख्या. २१ पूर्ण न झालेले मुलगा आणि मुलगी, दोघंही बालक. दुसरा बदल म्हणजे लग्न रद्द करून घ्यायची मुदत दोन वर्षांवरून पाच वर्षं, म्हणजे वयाच्या २३ पर्यंत. तिसरा, कुठल्याही धर्माचा कायदा, रूढी, परंपरा काहीही सांगत असली तरी हाच नियम चालणार. चौथा, वयाची तरतूद राष्ट्रपतींच्या संमतीनंतर लगेच नाही, दोन वर्षांनी लागू होणार.

मुलांना सांगा, बातमी वाचली म्हणजे विधेयक वाचलं असं होत नाही.

प्रश्न ३ : फायदा कोणाला आणि कसा?

सरकारचं म्हणणं असं की मुलगा-मुलगी समान, तर वयही समान हवं. लवकर लग्न म्हणजे लवकर बाळंतपण. आईच्या आणि बाळाच्या तब्येतीवर परिणाम. शिक्षण आणि नोकरी सुटणं. यात खोटं काहीच नाही. "मुलगी मुलापेक्षा लहानच हवी" हा समज सध्याचा कायदाच पक्का करतो, हा मुद्दा तर बिनतोड आहे. लग्न रद्द करायला पाच वर्षं मिळणं हाही खरा फायदा. १८ ते २० या काळात माहेरच्यांच्या विरोधात वकील गाठणं किती मुलींना जमणार? २३ पर्यंत ती कदाचित स्वतःच्या पायावर उभी असेल.

प्रश्न ४ : तोटा कोणाला होऊ शकतो?

समजा, एक मुलगी १९ वर्षांची आहे. चाकणला कंपनीत ट्रेनी म्हणून जाते. ती मतदान करते, कारण १९८९ पासून आपल्याकडे मतदानाचं वय १८ आहे. करारावर सही करते, बँकेत खातं चालवते. सगळीकडे सज्ञान. फक्त लग्नापुरती 'बालक'. तिने स्वतः जोडीदार निवडला आणि घरच्यांना तो दुसऱ्या जातीचा म्हणून पटला नाही, तर घरच्यांच्या हातात पोलीस तक्रारीचं नवं हत्यार येतं. अनेक स्त्री संघटनांनी नेमका हाच आक्षेप घेतला होता. मुलीच्या संरक्षणासाठी आणलेला कायदा तिच्याच निवडीविरुद्ध वापरला जाईल, ही भीती. २०१८ मध्ये विधी आयोगाने कुटुंब कायद्यांवरच्या सल्लापत्रात दोघांसाठी १८ हेच वय सुचवलं होतं. समानता वर नेऊनही येते आणि खाली आणूनही येते, हे मुलांना गणितासारखं लगेच कळतं!

प्रश्न ५ : अंमलबजावणी कोण करणार?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (२०१९-२१) सांगते की २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी १८ च्या आधी लग्न झालेल्यांचं प्रमाण देशात २३.३ टक्के आणि महाराष्ट्रात २१.९ टक्के. म्हणजे १८ चा नियम चाळीसपेक्षा जास्त वर्षं असूनही आपल्या राज्यात पाचातल्या एकीचं लग्न त्याआधी झालं. मग आकडा २१ केल्याने काय होईल? अंमलबजावणी आहे तशीच राहिली, तर कायदा मोडणाऱ्यांची संख्या तेवढी वाढेल.

आपल्या पट्ट्यात हे कसं दिसतं? भोसरी, तळवडे, कुरुळी, म्हाळुंगे, चाकण या भागात मराठवाडा, विदर्भ, खानदेश, उत्तर प्रदेश, बिहार अशा ठिकाणांहून कुटुंबं आलेली. एक खोली, आई-वडील दोघंही शिफ्टला. मुलगी सातवी-आठवीपर्यंत जवळच्या शाळेत जाते. शिक्षणहक्क कायद्याचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण १४ वर्षांपर्यंतच. पुढची शाळा लांब, रस्त्यावर कंटेनरची रांग, घरी धाकटी भावंडं. मग ती घरी राहते. दिवसभर खोलीवर एकटी पोरगी, ही आई-वडिलांची खरी काळजी असते. त्या काळजीतून "गावाकडं एक स्थळ आलंय" सुरू होतं. आई-वडील वाईट असतात असं नाही, त्यांना दुसरा सुरक्षित पर्याय दिसत नसतो.

आणि लग्न इथे होत नाही, मे महिन्याच्या सुट्टीत गावी होतं. ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. पण गावच्या ग्रामसेवकाला ही मुलगी माहीतच नसते, कारण ती वाढली इथे. तिचं वय, जन्मदाखला, हजेरी माहीत असते ती शाळेला. जून उजाडतो, पटावर नाव असतं, मुलगी नसते. विधेयक वाचताना ही फट दिसली पाहिजे. २०२१ च्या विधेयकाने वय बदललं, पण १४ ते १८ मधली ही मोकळी वर्षं भरायला त्यात काहीच नव्हतं.

त्या मानाने राज्याच्या 'लेक लाडकी' योजनेची रचना बघा. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या, पिवळ्या-केशरी रेशनकार्डधारक कुटुंबातल्या मुलीला टप्प्याटप्प्याने एकूण १ लाख १ हजार रुपये. त्यातले हप्ते पहिलीत, सहावीत आणि अकरावीत गेल्यावर मिळतात आणि मोठी रक्कम १८ पूर्ण झाल्यावर. म्हणजे पैसा शाळेशी बांधला आहे. पण आज सातवी-आठवीत बसलेल्या मुली यात येत नाहीत, हेही त्याच वाचनातून कळतं.

प्रश्न ६ : जिच्यासाठी कायदा, तिला विचारलं का?

२०२१ चं विधेयक ज्या स्थायी समितीकडे गेलं, तिच्यात ३१ सदस्य होते आणि त्यात स्त्री एकच, खासदार सुष्मिता देव. यावर सुप्रिया सुळे, प्रियंका चतुर्वेदी यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली होती. मोरोपंत जोशी समितीनंतर नव्वद वर्षांहून जास्त काळ गेल्यावरची ही स्थिती!

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालविवाहावर मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यातही भर होता प्रतिबंधावर, जनजागृतीवर, शाळा आणि समाज यांच्या सहभागावर. नुसत्या शिक्षेवर नाही.

माझं मत

दोघांचं वय समान असावं, हे मला शंभर टक्के पटतं. पण १८ ते २१ च्या मुलीला 'बालक' ठरवण्याआधी १४ ते १८ च्या मुलीला शाळेत टिकवणं जास्त गरजेचं वाटतं. बारावीपर्यंत मोफत शिक्षण, जवळ शाळा, सुरक्षित बस आणि लग्न रद्द करायची वाढीव मुदत. विधेयक परत आलं तर त्यात हे मागायला हवं. तुमचं मत वेगळं असू शकतं. सहा प्रश्न विचारून झाल्यावर वेगळं असेल तर उत्तमच.

वर्गात घ्यायचा उपक्रम (इयत्ता सातवी-आठवी, दोन तासिका)

१) वर्गाची 'समिती' करा. निम्म्या मुली, निम्मे मुलगे.
२) सहा गटांना एकेक प्रश्न द्या. घरी आई, आजी, शेजारच्या ताई यांना विचारून यायला सांगा. कोणाच्याही घरची खासगी गोष्ट नावानिशी सांगायची नाही, हा नियम आधीच ठरवा.
३) दुसऱ्या तासाला प्रत्येक गट एक दुरुस्ती सुचवेल. मतदान घ्या. विरोधी मतही वहीत नोंदवा.
४) चर्चेनंतर एखादी मुलगी एकटी येऊन काही सांगू लागली, तर तास बाजूला ठेवा आणि ऐका.

पालकांसाठी थोडक्यात

संसदेच्या आणि विधिमंडळाच्या समित्या अनेकदा जाहिरात देऊन लोकांच्या सूचना मागवतात. मराठीत, साध्या कागदावर लिहिलेली सूचनासुद्धा सूचनाच असते. पालकसभेत एकदा हा विषय घ्या. सभा गुरुवारी ठेवलीत तर आपल्या एमआयडीसीतल्या बऱ्याच आयांना सुट्टी असते.

आणि कुठे बालविवाह ठरतोय असं कळलं, तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक आहे. माहिती कोणीही देऊ शकतं. पण त्याआधी, मे महिन्याच्या सुट्टीपूर्वी, सातवी-आठवीच्या मुलींच्या पालकांशी एकदा बोलून घ्या. "जूनमध्ये ती कुठल्या शाळेत जाणार?" एवढंच विचारा. उत्तर लगेच आलं नाही, तर त्या घरी आपल्याला परत जायचं आहे.