बेकारांचे प्रशिक्षण : पैसा कशाबद्दल द्यावा?
(द्वितीय वर्ष कला)

बेकारीचा प्रश्न निघाला की प्रशिक्षणाची योजना जाहीर होते आणि आपण समाधान मानतो. परंतु त्या योजनेतील पैसा कोणत्या निकषावर दिला जातो, याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात तेवढाच मुद्दा घेतला आहे.

हा प्रयत्न नवा नाही. ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगाराचे शिक्षण देणारी 'ट्रायसेम' योजना १९७९ साली सुरू झाली व १९९९ साली स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विलीन झाली. पुढे २०१५ साली प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली. तिच्या दुसऱ्या टप्प्यात (२०१६–२०) एक कोटी तरुणांसाठी १२,००० कोटी रुपयांची तरतूद होती. म्हणजे माणशी सरासरी १२,००० रुपये.

या टप्प्यात प्रशिक्षण संस्थेला पैसा तीन हप्त्यांत मिळे : वर्ग सुरू झाल्यावर ३० टक्के, प्रमाणपत्र मिळाल्यावर ५० टक्के आणि नोकरी लागल्यावर २० टक्के. म्हणजे विद्यार्थी घरी बसला तरी संस्थेच्या पदरात ८० टक्के पडतच. मग संस्थेचे लक्ष प्रमाणपत्रांच्या संख्येकडे राहिले, तर नवल काय? शारदा प्रसाद समितीनेही २०१६ साली हेच दाखवून दिले की, सारे आकड्यांच्या मागे धावत आहेत. उद्योगांची गरज व तरुणांची नोकरी बाजूला राहते.

माझ्या थोरल्या भावाने तालुक्याच्या गावी असाच एक अभ्यासक्रम केला. विषय होता मोठ्या दुकानातील विक्रीचा; आणि तसे दुकान आमच्या तालुक्यात एकही नाही! फी नव्हती हे खरे. पण तीन महिन्यांची मजुरी बुडाली, ती कोणत्याच हिशेबात आली नाही. २०२४ साली सुरू झालेल्या महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णाला दरमहा ६,०००, आयटीआय वा पदविकाधारकाला ८,००० व पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन थेट खात्यात देण्याचे ठरले. बुडालेल्या मजुरीची ही दखल स्वागतार्ह आहे. परंतु मुदत संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न तिथेही उरतोच.

मग सगळा पैसा नोकरी लागल्यावरच द्यावा काय? वरवर पाहता हे न्याय्य वाटते. पण तसे केल्यास संस्था इंग्रजी येणारी, शहरात राहणारी, म्हणजे एरवीही नोकरी मिळवू शकणारी मुले निवडतील. आणि आमच्यासारख्या पहिल्या पिढीच्या मुलांना दारातूनच परत पाठवतील.

म्हणून माझ्या मते दोन गोष्टी एकत्र हव्यात. नोकरी सहा महिने टिकल्यावरच मिळणारा हिस्सा मोठा असावा; आणि अधिक अडचणीतील उमेदवारासाठी संस्थेला अधिक दर द्यावा. शिवाय परिसरात कोणते काम उपलब्ध आहे, हे पाहूनच अभ्यासक्रम मंजूर व्हावा आणि त्याचा तालुकावार हिशेब ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. किती जण शिकले एवढेच सांगणारा आकडा अपुरा आहे. शिकलेल्यांपैकी किती जणांची चूल त्या शिक्षणावर पेटली, हे शासनाने मोजले पाहिजे.