तलावाची पाळ : दुष्काळनिवारणाच्या कार्यांतील एक पाठ

दुष्काळ म्हणजे पाऊस मुळींच न पडणें, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु धान पिकविणाऱ्या मुलखांत पाऊस लवकर उठून गेला तरी दुष्काळ पडतो. १८९६ सालीं मध्यप्रांतांत ऑगस्टअखेर पाऊस थांबला आणि धानास ऐन निसवण्याच्या वेळीं लागणारें पाणी मिळालें नाहीं. त्या शेवटच्या पाण्याची तरतूद म्हणजेच गांवचा तलाव. म्हणून अन्नवस्त्रासाठीं साह्य मागतांना तलावाच्या पाळीविषयींही चार शब्द उदार आश्रयदात्यांपुढें ठेवणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

गोंदिया जिल्हा १९९९ सालीं भंडाऱ्यापासून निराळा झाला. तथापि तलावांचा वारसा दोहोंचा एकच आहे. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानें या भागांत शेंकडों तलाव बांधले. नवेगांव बांधाचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनीं बांधला, अशी परंपरा सांगतात. या तलावांची रचना साधी असते. उताराच्या जमिनीवर मातीची पाळ, शेतास पाणी सोडण्यासाठीं पाळीच्या पोटांतून काढलेलें तुडुम, आणि जास्तीचें पाणी निघून जावें म्हणून एका टोंकास सांडवा. पूर्वीं मालगुजार यांची देखरेख करीत. १९५१ सालीं मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि पुढें त्यांतील लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आले. आजही लोक त्यांस माजी मालगुजारी तलाव म्हणूनच ओळखतात. मालक बदलला तरी पाळ मातीचीच आहे, आणि मातीच्या पाळीस दरवर्षीं पाहणारा माणूस लागतो.

पाळीस पहिलें भय सांडव्याकडून. समजा, एका तलावास १ चौरस किलोमीटर रानाचें पाणी येतें आणि भरलेल्या तलावाचा विस्तार १० हेक्टर आहे. एका रात्रींत १०० मिलिमीटर पाऊस पडला व त्यांतील निम्मेंच पाणी वाहून आलें, तरी तें ५० हजार घनमीटर होतें. सांडवा बंद असेल तर तेवढ्यानें तलावाची पातळी अर्धा मीटर चढते. पाणी माथ्यावरून पलीकडे उतरूं लागलें कीं पाठीची माती धुपत जाते आणि थोड्याच तासांत खिंडार पडतें. असें असूनही अधिक पाणी किंवा मासळी राहावी म्हणून सांडव्यावर दगड व मातीचीं पोतीं रचलेलीं दिसतात. कोठें त्यांत बेशरमाची दाटी माजलेली असते. चार बोटें पाणी वाढविण्याच्या लोभानें सगळा तलाव गमावण्याचा हा मार्ग आहे.

दुसरें भय पाळीच्या आंतलें. घुशींचीं बिळें, मेलेल्या झाडांच्या कुजलेल्या मुळ्या आणि तुडुमाभोंवतालची सैल माती यांतून पाणी वाट काढतें. पायथ्याशीं थोडें स्वच्छ पाणी पाझरणें अनेक जुन्या पाळींस नवें नाहीं, तरी त्यावर नजर असावी. तें वाढलें किंवा गढूळ झालें, तर पाळीची माती आंतून वाहून जात आहे असें समजावें व त्याच दिवशीं पाणी उतरविण्यास लागावें. तेंही हळूहळू, कारण पातळी एकदम उतरली तर आंतल्या बाजूची ओली माती घसरते.

गळतीकडे वेळीं लक्ष न गेल्यास काय होतें, हें सांगण्यास दूरच्या काळांत जावें लागत नाहीं. रत्नागिरी जिल्ह्यांतील चिपळूण तालुक्यांत तिवरे येथील मातीचें धरण २ जुलै २०१९ च्या रात्रीं फुटलें. खालची वस्ती वाहून गेली आणि वीसांच्या आसपास माणसें मृत्युमुखीं पडलीं. गळतीची तक्रार गांवकऱ्यांनीं आधींच केली होती. त्या धरणास उणीं वीस वर्षें झालीं होतीं. आमच्या कित्येक पाळींस शंभरांहून अधिक झालीं आहेत.

धरणांच्या सुरक्षिततेचा कायदा २०२१ सालीं झाला. तो १५ मीटरांहून उंच धरणांस, आणि १० ते १५ मीटर उंचीच्यांपैकीं ठराविक अटींत बसणाऱ्यांस लागू होतो. बहुतेक गांवतलावांच्या पाळी इतक्या उंच नसल्यामुळें त्या त्याच्या कक्षेबाहेर राहतात. त्यांची राखण स्थानिक संस्थांच्या व गांवाच्या दक्षतेवरच आहे.

दात्यांस आमची विनंति येथेंच आहे. गाळ काढण्यास द्रव्य सहज मिळतें, कारण तें काम डोळ्यांस दिसतें. गाळ अवश्य काढावा. परंतु पाळीच्या आंतल्या पायथ्याशीं खोदूं नये, कारण तेथें बसलेला चिकण गाळच पाझर अडवितो. शिवाय देणगी देतांना पांच गोष्टींची हमी घ्यावी: सांडवा मोकळा आहे, पाळीचा माथा कोठें खचलेला नाहीं, बिळें बुजवून माती ठोकून बसविली आहे, आणि पाळीवर झाडें न वाढतां गवत आहे, तुडुम उघडतें व मिटतें. ही पाहणी मृग नक्षत्रापूर्वीं एकदां व्हावी, आणि पावसाळाभर पाळीवरून रोज फेरी घालणाऱ्या एका माणसाच्या मजुरीची सोय असावी.

फुटलेल्या तलावाखालीं त्या वर्षींचें धान वाळूखालीं जातें, आणि पुढच्या वर्षीं पाऊस लवकर उठला तर द्यावयास पाणीही उरत नाहीं. मग तोच शेतकरी आमच्या धान्यवाटपाच्या रांगेंत येऊन उभा राहतो. तालेवार जमीनदारांनीं आपल्या शिवारांतील पाळ या पावसाळ्यापूर्वीं स्वतः फिरून पाहावी, आणि गोंदियाच्या धान्यव्यापाऱ्यांनीं ज्या गांवांचें धान आपल्या गिरण्यांत येतें त्यांपैकीं एकेका तलावाच्या राखणदाराची मजुरी उचलावी, अशी आमची नम्र प्रार्थना आहे.