दुसरी भाषा शिकवायला शिकायचं आहे

प्रश्न : मी भोपाळच्या नेहरू नगरमध्ये राहते. घरी मराठी, शिक्षण हिंदीतून, आता बी.ए. संपेल. शेजारच्या हिंदीभाषक मुलांना मराठी शिकवते. यातच पुढे शिकता येईल का?

उत्तर : येईल. मात्र फक्त साहित्याच्या एम.ए.वर विसंबू नका. कादंबरीचं रसग्रहण येणं वेगळं आणि शिकणारा कुठे अडतो हे कळणं वेगळं. तुमची मुलं ‘पुस्तक चांगली आहे’ म्हणत असणारच. हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी, मराठीत नपुंसकलिंगी. तिसरं लिंगच त्यांना नवं. शिवाय ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या दोन्हींना हिंदीत एकच ‘हम’. भाषावैज्ञानिक पिट कॉर्डर यांनी 1967 मध्ये मांडलं, की अशा चुकांतून शिकणाऱ्याच्या मनात तयार होणारी व्यवस्था दिसते. उपयोजित भाषाविज्ञानात अशा चुका नोंदवायला, त्यांची कारणं शोधायला आणि त्यावरून पाठ रचायला शिकवतात. तेव्हा लाल शाई जरा बाजूला ठेवा, वही करा.

भाषाविज्ञानाच्या एम.ए.साठी पुण्याचं डेक्कन कॉलेज मला पहिलं सुचतं. इंग्रजी शिकवण्याकडे ओढा असेल तर हैदराबादचं इंग्रजी आणि विदेशी भाषा विद्यापीठ. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाचं (स्थापना 1969) पुण्यातलं केंद्र इतर राज्यांतल्या शिक्षकांना मराठी शिकवतं. जमलं तर तिथला वर्ग बघून या. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागात अमराठी भाषकांसाठी तयार झालेली ‘माय मराठी’ची पुस्तकंही चाळा.

शाळेत कायमची नोकरी हवी असेल तर बी.एड. चुकणार नाही. त्यासाठी भोपाळ सोडायला नको, श्यामला हिल्सवर प्रादेशिक शिक्षण संस्थान आहेच.