जवानाचा नवा पाय

लढाईत पाय गमावलेला जवान गावी परततो, तेव्हा सारे गाव वेशीपर्यंत त्याला सामोरे जाते. हारतुरे होतात. शाळेतली मुले टाळ्या वाजवतात. चार दिवसांनी पाहुणे पांगतात. मग सकाळी उठून त्याला अंगणातल्या नळापर्यंत जायचे असते. तेथे टाळ्या उपयोगी पडत नाहीत, तेथे पाय लागतो. असा पाय कोठे तयार होतो, तो कसा बसवतात आणि बसवल्यानंतर त्याच्याकडे लक्ष कोण ठेवते, ते या पाठात पाहू.

पहिल्या महायुद्धात हजारो हिंदी सैनिक फ्रान्स, मेसोपोटेमिया आणि पूर्व आफ्रिका येथे लढले. त्यांतले कित्येक हातपाय गमावून परत आले. त्यांना पोटापुरता एखादा धंदा शिकवावा, म्हणून मुंबईच्या गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांनी १९१७ साली एक शाळा काढली. ती पुढे पुण्याजवळ खडकी येथे आली. क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ती हीच. धंदा मिळाला, पण पायाचे काय? दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न आणखी मोठा झाला. १९४४ साली पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. पुण्यातील लोक त्याला 'आर्टिफिशियल लिंब सेंटर' याच नावाने ओळखतात. १९४७-४८, १९६२, १९६५, १९७१ आणि १९९९ या प्रत्येक लढाईनंतर येथे जखमी जवान आले. लढाई नसतानाही ते येतात. कोणाचा पाय जमिनीत पुरलेल्या सुरुंगावर पडलेला असतो, तर कोणाची बोटे सियाचीनच्या थंडीने काळी पडून गळालेली असतात.

येथे आलेल्यांपैकी एकाची हकिकत देशभर सांगितली जाते. मेजर इयान कार्डोझो हे मुंबईत जन्मलेले अधिकारी गुरखा पलटणीत होते. डिसेंबर १९७१ मध्ये सिल्हेट येथे त्यांचा पाय सुरुंगावर पडला. पायाच्या चिंधड्या झाल्या. जवळ औषध नव्हते, हत्यारे नव्हती. त्यांनी आपल्या गुरखा सोबत्याला पाय कापायला सांगितले. त्याचा हात उचलेना. तेव्हा मेजरसाहेबांनी खुकरी घेतली आणि स्वतःच तो पाय कापला. नंतर त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली ती पाकिस्तानी सैन्यातील एका डॉक्टरने. मेजर मोहंमद बशीर हे डॉक्टर तेव्हा भारताचे युद्धकैदी होते. शत्रूच्या जखमेवरही डॉक्टर उपचारच करतो.

ऐकणारे बहुधा खुकरीपाशी थांबतात. मला त्यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. कार्डोझो यांना पुण्याच्या केंद्रात कृत्रिम पाय बसवला गेला. त्यांना कचेरीत बसायचे नव्हते, पलटणीचे नेतृत्व करायचे होते. अधिकारी तयार होईनात. मग ते लडाखच्या उंचीवर बर्फात चालून दाखवू लागले. शेवटी त्यांना पलटण मिळाली, पुढे ब्रिगेडही मिळाली. पाय गमावल्यानंतर पलटणीचे नेतृत्व करणारे ते भारतीय सैन्यातील पहिले अधिकारी. ते मेजर जनरल होऊन निवृत्त झाले. धैर्य त्यांचे होतेच. पण पाय घट्ट, घसरणारा किंवा बोटभर आखूड असता, तर त्या धैर्याला बर्फात दहा पावलेही टाकता आली नसती.

चांगला पाय तयार व्हायला वेळ लागतो. जखम भरून आली, तरी उरलेला पाय लगेच आपला आकार धरत नाही. सूज उतरत जाते, स्नायू बारीक होतात. कित्येक महिने हा बदल चालू राहतो. म्हणून त्यावर ताणाची पट्टी विशिष्ट रीतीने गुंडाळतात. रुग्णाला गुडघ्याखाली उशी घेऊन निजावेसे वाटते. ती काढून घ्यावी लागते, कारण उशीने गुडघा वाकलेलाच राहतो आणि आखडतो. एक विचित्र त्रासही सोसावा लागतो. जो पाय उरलाच नाही, त्याचा अंगठा खाजतो, तळवा जळजळतो. कित्येक जवान हे कोणाला सांगत नाहीत. लोक वेडा म्हणतील, अशी त्यांना भीती वाटते. हे वेड नव्हे. नसा आणि मेंदू यांच्यातला तो जुना व्यवहार आहे, आणि त्यावर उपचार आहेत.

यानंतर मोजमाप होते. प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या उरलेल्या पायावर गुंडाळून साचा घेतात. त्या साच्यात प्लास्टर ओतले, की पायाची हुबेहूब प्रतिकृती मिळते. कारागीर ती कानशीने घासतो. जेथे शरीर भार सोसू शकते, म्हणजे गुडघ्याच्या वाटीच्या किंचित खाली, तेथे तो थोडे घासून काढतो. जेथे हाड कातडीलगत आहे, तेथे तो थोडे प्लास्टर चढवतो. मग या प्रतिकृतीवर पेल्याच्या आकाराचा भाग बनवतात. त्याला सॉकेट म्हणतात. उरलेला पाय या सॉकेटमध्ये बसतो. खाली नळी आणि पाऊल जोडले, की पाय तयार झाला. या कारखान्यात तुम्ही गेलात, तर तुमच्या घरचेच शब्द कानांवर पडतील. जखम, जवान, कारागीर, दुरुस्ती हे सारे शब्द उर्दूतही आहेत आणि मराठीतही.

आता पर्यवेक्षकाचे काम सुरू होते. डॉक्टर, तंत्रज्ञ, व्यायाम शिकवणारे आणि कारागीर या सर्वांच्या कामावर देखरेख ठेवणारा माणूस म्हणजे पर्यवेक्षक. जवान दोन समांतर दांड्यांमध्ये उभा राहतो. पर्यवेक्षक आधी त्याच्या मागे जाऊन उभा राहतो आणि कमरेची दोन्ही हाडे एका रेषेत आहेत का, ते पाहतो. पाय एखाद-दोन सेंटिमीटर आखूड झाला, तर माणूस लंगडतो आणि वर्षभरात त्याची पाठ धरते. मग जवान चालू लागतो. पर्यवेक्षक त्याच्याकडे पाहतो आणि पावलांचा आवाजही ऐकतो. दोन पावलांमधले अंतर सारखे असले, तर आवाज घड्याळासारखा येतो. एक पाऊल घाईने उचलले जात असेल, तर समजावे की कोठेतरी दुखते आहे. जवान मात्र 'ठीक आहे साहेब' एवढेच म्हणतो. सहन करायची सवय त्याला फौजेने लावलेली असते. म्हणून चांगला पर्यवेक्षक त्याच्या शब्दांवर थांबत नाही. तो पाय काढायला सांगतो आणि कातडी पाहतो. लाल डाग पडलाच, तर दहा मिनिटे वाट पाहतो. डाग मावळला तर ठीक. नाही मावळला, तर तेथे उद्या फोड येणार. पाय पुन्हा कारागिराकडे जातो.

आणखी एक काम कोणत्याही यंत्राने होत नाही. ते म्हणजे विचारपूस. तुम्ही काय काम करता? शेत घरापासून किती लांब आहे? जेवायला जमिनीवर बसता का? पुण्यातल्या सपाट फरशीवर जो पाय उत्तम चालतो, तो मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत चालेलच असे नाही. पावसाळ्यात ही माती चांगल्या पायालाही सोडत नाही, ओढून धरते. परदेशातून आलेले जुने पाऊल बुटात घालून चालण्यासाठी केलेले होते. ते घालून मांडी घालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे, नमाजाला बसणेही कठीण जाई. ही अडचण ओळखून जयपूरचे डॉ. प्र. क. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास रबराचे एक पाऊल तयार केले. ते अनवाणी चालते, चिखलात चालते, आणि ते लावून उकिडवे बसता येते. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्याबरोबर रामचंद्र शर्मा यांचेही नाव घेतले पाहिजे. एकाला शरीर माहीत होते, दुसऱ्याच्या हातांना साचा माहीत होता.

सर्वांनाच पाय लागतो असे नाही. कोणाला कुबड्या पुरतात. कुबडी आणि काख यांच्यामध्ये दोन-तीन बोटांचे अंतर हवे, आणि भार तळहातांवर यायला हवा. काखेवर भार टाकला, तर तेथल्या नसा दबून हात बधिर होतो. कोणाच्या पाठीच्या कण्याला गोळी लागलेली असते. त्याला चाकांची खुर्ची लागते, आणि खुर्चीबरोबर योग्य गादी लागते. कमरेखाली जाणीव नसल्यामुळे बसून बसून कातडी सडते आणि त्याला कळतही नाही. म्हणून हातांवर भार देऊन दर पंधरा-वीस मिनिटांनी अंग उचलण्याची सवय लावावी लागते. अशा जवानांसाठी १९७४ पासून खडकीला स्वतंत्र पुनर्वसन केंद्र आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांना १९६५ च्या युद्धात अनेक गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. पाण्यात मात्र त्यांना खुर्ची लागत नव्हती. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे त्यांनी ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत ३७.३३ सेकंदांची वेळ दिली आणि सुवर्णपदक जिंकले. पॅरालिंपिक स्पर्धेतले भारताचे ते पहिले सुवर्णपदक. पद्मश्री त्यांना २०१८ साली मिळाली. इतक्या उशिरा का, हा प्रश्न तुम्हीही विचारू शकता.

आता नांदेड आणि लातूरकडे येऊ. समजा, मुखेड तालुक्यातला एक निवृत्त जवान आहे. उजवा पाय गुडघ्याखाली गेलेला आहे. त्याला पुण्यात पाय मिळाला आणि तो चालत घरी आला. सहा महिन्यांत उरलेला पाय आणखी बारीक झाला आणि सॉकेट सैल पडले. तो एकाऐवजी दोन मोजे घालू लागला, मग तीन. पुढे पट्टा तुटला. मुखेडच्या चांभाराने तो शिवून दिला, पण पट्टा मूळ जागी बसला नाही. एके दिवशी फोड आला, पाय खुंटीवर गेला आणि कुबडी हातात आली. नांदेडहून पुणे सुमारे साडेचारशे किलोमीटर आहे, लातूरहून सव्वातीनशेच्या आसपास. एवढा प्रवास, पुण्यातला मुक्काम, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, हे सारे एका पट्ट्यासाठी कोण करील? खुंटीवर टांगलेल्या पायामागे आळस क्वचितच असतो. बहुधा अंतर असते.

नांदेडला आणि लातूरला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत. तेथे पाय तयार होत नाहीत, कागद तयार होतात. पण कागदावाचून पाय मिळत नाही. सेवापुस्तिका, वैद्यकीय मंडळाचा दाखला, निवृत्तिवेतनाचा हुकूम हे सारे जुळले, की दार उघडते. माजी सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ पासून वेगळी आरोग्य योजनाही सुरू झाली आहे. पुण्याच्या केंद्रात नागरिकांनाही अवयव बसवून मिळतात. लातूरकरांना याचे मोल सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. सुमारे दहा हजार माणसे गेली. ढिगारे उपसायला जवानही आले होते. जी माणसे वाचली, त्यांतल्या कित्येकांचे हातपाय कायमचे निकामी झाले.

जिल्ह्याच्या गावी कधी कधी शिबिर भरते. मांडव घालतात, पाहुणे येतात, कुबड्या आणि खुर्च्या वाटतात, छायाचित्रे निघतात. किती वाटल्या, हा आकडा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येतो. त्यांतल्या किती वर्षभरानंतर वापरात आहेत, हा आकडा कोठेच येत नाही. खरे तर पर्यवेक्षकाला हाच आकडा हवा असतो. पुस्तक वाटले म्हणजे वाचले गेले, असे तुमचे शिक्षक मानतात का? तसेच हे आहे. पाय ही एकदा देऊन विसरण्याची वस्तू नव्हे. तो झिजतो, आणि तो घालणारे शरीर बदलते. त्याला वेळोवेळी तपासावे लागते, काही वर्षांनी बदलावे लागते.

म्हणून नोंदवही लागते. कोणाला, कोणत्या बाजूचा, कोणत्या प्रकारचा पाय दिला, केव्हा दिला, काय बिघडले, काय दुरुस्त केले. या रकान्यांशेजारी 'पुढील तपासणी' असा एक रकाना हवा, आणि तो कोरा राहता कामा नये. तारीखही गाव पाहून द्यावी लागते. मुखेडच्या शेतकऱ्याला भर पेरणीत पुण्याला बोलावले, तर तो येणार नाही. त्याच्यासाठी मृग नक्षत्राच्या आधीची तारीख लिहायची. तेव्हा जमीन कोरडी असते, नांगरट झालेली असते, हाताला थोडी उसंत असते. पट्टा, मोजे, सॉकेट आणि रबराचे पाऊल तपासून तो परत येतो, आणि मग पाऊस पडतो.